पगारी की भाडोत्री?

(सदर : वाचू या, बोलू या)



गेले चार आठवडे या सदरात आपण एक गोष्ट थोडी थोडी करून वाचत होतो. आठवते ना? फ्रेडरिक फोर्सिथ या इंग्रज लेखकाची ‘द डॉग्ज ऑफ वॉर’ ही कादंबरी. ती १९७४ साली आली. नावाचा अर्थ ‘युद्धाचे कुत्रे’. शेवटचा भाग सांगून झाल्यावर मी लिहिलं होतं, “आता माझं बोलणं पुरे. तुमचं मत कळवा.” तर काय सांगू! पोस्टमनकाका दोनदा येऊन गठ्ठा देऊन गेले. त्यात पोस्टकार्डं होती, वहीतून फाडलेली पानं होती, आणि एक पत्र तर चक्क किराणा दुकानाच्या बिलाच्या पाठीवर लिहिलेलं होतं. सगळी पत्रं छापायची तर हा अख्खा अंक पुरायचा नाही. म्हणून काही निवडक मतं सांगते. आणि मग एका पत्राबद्दल जरा निवांत बोलू. त्या पत्राने मला दोन रात्री नीट झोपू दिलं नाही.

ज्यांचे अंक चुकले, त्यांच्यासाठी आधी थोडक्यात गोष्ट. आफ्रिकेत झांगारो नावाचा एक गरीब देश आहे. हा देश खरा नाही, लेखकाने रचलेला आहे. तिथला राज्यकर्ता क्रूर आणि लहरी. त्या देशातल्या एका डोंगरात प्लॅटिनम नावाचा अतिशय महाग धातू सापडतो, आणि ही बातमी लंडनमधला एक खाणमालक दाबून ठेवतो. त्याचा बेत असा, की पैसे देऊन लढणारी माणसं आणायची, तिथलं सरकार उलथवायचं, आपल्या मुठीतला बाहुला खुर्चीवर बसवायचा आणि तो डोंगर कवडीमोलाने गिळायचा. या कामासाठी शॅनन नावाचा भाडोत्री सैनिक ठरवला जातो. त्याला मुदत मिळते शंभर दिवसांची. शॅनन आपले चार जुने जोडीदार गोळा करतो, हत्यारं आणि जहाज मिळवतो आणि एका रात्रीत राजवाडा घेतो. पण खाणमालकाचा बाहुला काही खुर्चीवर बसत नाही. शॅननच्या मनात निराळंच असतं. पूर्वी एका हरलेल्या युद्धात तो ज्यांच्या बाजूने लढला होता, त्यांच्या हाती तो कारभार देतो.

आता तुमची मतं ऐका.

परतूरच्या नववीतल्या एका मुलाला गोष्ट अजिबात आवडली नाही. तो लिहितो, “बाई, लढाई येईपर्यंत कंटाळा आला. नुसतं बँकेत जा, कागद कर, बोट विकत घे. लढाई शेवटी, तीपण एवढीशी.” त्याच्या अगदी उलट मत मंठ्याच्या एका मुलीचं. ती म्हणते, “मला लई आवडलं ते हिशेबाचंच. गणवेश एकीकडून, होड्या दुसरीकडून, कुणालाच पूर्ण गोष्ट कळू द्यायची नाही. वाचताना वाटलं, आता पकडतील, आता पकडतील!” जालन्याच्या मोंढ्यात आडत चालवणाऱ्या एका वडिलांनी मुलाच्या पत्राखाली दोन ओळी जोडल्या आहेत, “लेखकाला व्यवहार कळतो. पुस्तक मागवून घेतले आहे.” वा! एका पालकाचं वाचन सुरू झालं, एवढ्यावरच माझी चार आठवड्यांची मेहनत वसूल झाली.

हा व्यवहार लेखकाला कळत होता, कारण फोर्सिथ मुळात बातमीदार होते. १९६७ ते १९७० या काळात नायजेरियात जे भयंकर यादवी युद्ध झालं, ते त्यांनी तिथे राहून पाहिलं होतं. भाडोत्री सैनिक, हत्यारांचे दलाल आणि उपाशी मुलं, सगळं डोळ्यांनी पाहिलेलं. २०२५ साली जून महिन्यात ते वारले.

बदनापूरच्या आठवीतल्या एका मुलीने एकच प्रश्न विचारला आहे. “त्या देशातल्या लोकांना कुणी विचारलं का? खाणमालकानं नाही, शॅनननं पण नाही.” शाब्बास! हा प्रश्न वाचून मी पुस्तक पुन्हा चाळलं. तिचं म्हणणं खरं आहे. झांगारोची साधी माणसं या कादंबरीत फारशी बोलतच नाहीत. राज्य बदलतं, पण ते बदलणारे बाहेरून आलेले असतात. गोष्ट रंगली म्हणून अशी जागा आपल्या नजरेतून सुटू नये.

एका आईंनी रागावून लिहिलं आहे. “मुलं आधीच मोबाइलवर दिवसभर बंदुकीचे खेळ खेळतात. त्यात तुम्ही शिक्षक असून असल्या गोष्टी सांगता?” ताई, तुमचा राग मला समजतो. मूळ पुस्तक मोठ्यांचंच आहे, म्हणून तर मी ते गाळून, निवडून सांगितलं. पण एक बघा. मोबाइलच्या खेळात गोळ्या कधी संपत नाहीत आणि त्यांचे पैसे कोणी दिले हे कधी कळत नाही. या पुस्तकात प्रत्येक गोळीचं बिल आहे. त्या बिलावर कुणाची सही आहे, हेही आहे. मुलांनी बंदुकीची गोष्ट वाचायचीच असेल, तर ही वाचावी असं मला वाटलं.

आणि आता सगळ्यांत धमाल पत्र. भोकरदन भागातल्या पाचवीतल्या एका चिमुरड्याचं. “बाई, पैसे घेऊन लढणाऱ्याला कुत्रा काहून म्हणतात? आमचा मोत्या आमची भाकरी खातो. दुसऱ्यानं भाकर टाकली तर तीपण खातो. पण चोर आला तर भुंकतोच. कुत्रा इमानी असतो.” मी पोटभर हसले. हे नाव लेखकाने शेक्सपिअरच्या ‘ज्युलियस सीझर’ या नाटकातून घेतलं आहे, असं मी त्याला कळवणार होते. पण मग पुढचं पत्र उघडलं आणि मोत्याची गोष्ट मला फार मोलाची वाटू लागली.

ते पत्र अंबड तालुक्यातल्या सातवीतल्या एका मुलाचं होतं. त्याचं नाव मुद्दामच देत नाही. तो लिहितो,

“बाई, माझे बाबा फौजेत आहेत. तुमची गोष्ट आमच्या वर्गात सगळे वाचतात. कबड्डीत भांडण झालं तेव्हा एक जण म्हणाला, तुझे बाबा पण पैसे घेऊनच लढतात, म्हणजे भाडोत्रीच. सगळे हसले. मी त्याला मारलं. मग मलाच शिक्षा झाली. आईला सांगितलं नाही. बाबांना फोनवर विचारावं वाटतं, पण विचारत नाही. गोष्ट तुम्ही सांगितली, तर उत्तर पण तुम्हीच द्या.”

बाळा, तुझं म्हणणं बरोबर आहे. चार आठवडे मी ‘भाडोत्री’ हा शब्द सहज वापरत राहिले. त्याचा अर्थ मात्र नीट उलगडून सांगितला नाही. ही माझी चूक. म्हणून आजचं अर्धं सदर तुझं.

आधी एक गोष्ट स्वच्छ करून टाकू. पैसे घेऊन काम करणं यात कमीपणा नाही. मी महिन्याच्या महिन्याला पगार घेते. एसटीचे कंडक्टर, दवाखान्यातल्या सिस्टर, पोलीसदादा, सगळे घेतात. घर चालायला पैसा लागतोच. म्हणजे नुसतं ‘पैसे घेतले का?’ असं विचारून माणूस कळत नाही. मग काय विचारायचं? ते आपण आपल्याच इतिहासात शोधू. तिथे एक शब्द आपली वाट बघतो आहे. गारदी!

इंग्रज-फ्रेंचांच्या पद्धतीने कवायत शिकलेले, बंदुका-तोफा चालवणारे, रोख पगारावरचे शिपाई म्हणजे गारदी. पानिपतच्या लढाईत मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी तुम्हाला ठाऊक असेल. हा आधी निजामाच्या नोकरीत होता, मग सदाशिवरावभाऊंकडे आला. म्हणजे बघा, तोही पगारीच. पगाराबद्दल तर मोठा कडक! काशीराज पंडिताने पानिपतची हकिकत लिहून ठेवली आहे. तो सांगतो, की माझ्या शिपायांचा पगार वेळेवर द्या म्हणून इब्राहिमखान भाऊंशी हट्ट धरायचा आणि त्यामुळे भाऊ त्याच्यावर नाराज असायचे. लढाईच्या दिवशी पहाटे तो भाऊंना भेटला. तेव्हा महिन्याचा पगार थकलेला होता. तरी तो म्हणाला, त्याची आज काळजी नको, इतके दिवस आम्ही पगार फुकट घेतला नाही हे आज दिसेल. तो दिवस १४ जानेवारी १७६१. त्याचे गारदी हटले नाहीत, त्यांतले बहुतेक तिथेच पडले. तो स्वतः जखमी होऊन सापडला आणि त्याला ठार करण्यात आलं.

यानंतर बारा वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, पुण्याच्या शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांचा खून झाला. ‘ध चा मा केला’ असं आपण म्हणतो, ती हीच गोष्ट. ज्यांनी तलवारी चालवल्या, तेही गारदीच. सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार. पगार थकल्याची तक्रार त्यांचीही होती. त्यात राघोबांच्या बाजूने मोठ्या रकमेचं आमिष मिळालं, आणि ज्या वाड्याची राखण करायची, त्याच वाड्यात त्यांनी धन्याला मारलं.

दोघेही गारदी. दोघेही पगारी. पगार दोघांचाही थकलेला. एक धन्यासाठी मेला, दुसऱ्याने धन्यालाच मारलं. म्हणजे फरक पगारात नव्हता. दुसऱ्याने जास्त भाकर टाकली तेव्हा काय केलं, यात होता. आठवला ना मोत्या?

आता पुण्या-पानिपतावरून आपल्या घरी येऊ. आपल्या जालना जिल्ह्यात, भोकरदन-जाफराबादच्या बाजूला, केळना आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात असई नावाचं एक छोटं गाव आहे. मागे आमच्या सातवीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. कपाशी, मका, बांधावरच्या बाभळी. एक मुलगा म्हणाला, “बाई, इथं तर काहीच नाही!” मी म्हटलं, “बस खाली, सांगते.”

२३ सप्टेंबर १८०३. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरचे रघूजी भोसले यांच्या फौजा. दुसऱ्या बाजूला इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीची फौज. तिचा सेनापती आर्थर वेलस्ली, ज्याने पुढे १८१५ साली वॉटर्लूला नेपोलियनचा पराभव केला, तोच. वाटाडे त्याला म्हणाले, नदीला इथे उतार नाही. पण त्याने पाहिलं, की नदीच्या दोन काठांवर समोरासमोर दोन गावं आहेत. त्याने तर्क केला, समोरासमोर गावं आहेत म्हणजे लोक येत-जात असणारच, म्हणजे उतार असणारच. आणि उतार निघाला! (मुलांनो, भूगोल असा वापरायचा असतो.)

शिंद्यांकडे युरोपीय पद्धतीच्या उत्तम पलटणी होत्या. महादजी शिंद्यांनी द बॉयन नावाच्या परदेशी सेनानीला नोकरीस ठेवून त्या उभ्या केल्या होत्या. हा द बॉयन इथे भरपूर पैसा कमावून मायदेशी परतला. त्याच्या शांबेरी या गावात, म्हणजे आजच्या फ्रान्समध्ये, त्याच्या स्मरणार्थ चार हत्तींचं कारंजं उभारलेलं आहे. त्याच्यानंतर पेराँ नावाचा फ्रेंच माणूस शिंद्यांचा मोठा सेनापती झाला. आणि १८०३ च्या युद्धात काय झालं? कंपनीने जाहीरनामा काढला, की शिंद्यांच्या चाकरीतल्या इंग्रजांनी नोकरी सोडावी, त्यांची सोय आम्ही लावू. बरेच अधिकारी उठून गेले. पेराँ तर असईची लढाई होण्यापूर्वीच, त्याच सप्टेंबरात, युद्ध अर्ध्यावर टाकून इंग्रजांच्या आश्रयाला गेला. असईला शिंद्यांच्या पायदळावर पोलमन नावाचा परदेशी अधिकारी होता. तो पूर्वी कंपनीच्याच चाकरीत सार्जंट होता! दौलतराव आणि रघूजी हेही लढाई संपेपर्यंत मैदानात थांबले नाहीत.

मग थांबलं कोण? गोलंदाज. तोफा डागणारे साधे शिपाई. संगिनींनी भोसकून पाडेपर्यंत ते आपापल्या तोफेपाशी उभे राहिले. काही जण मेल्याचं सोंग करून पडून राहिले, आणि इंग्रजांचं पायदळ पुढे सरकल्यावर उठून त्यांनी मागून त्याच तोफा पुन्हा डागल्या. वेलस्लीला मागे वळून त्या तोफा दुसऱ्यांदा घ्याव्या लागल्या. कंपनीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली. लढाई इंग्रजांनी जिंकली, पण तिची किंमत वेलस्ली कधी विसरला नाही.

आणि हेही सांगायला हवं, की कंपनीच्या बाजूने लढणारे बरेचसे शिपाई मद्रासकडचे, म्हणजे आपलेच होते. पेशव्यांचे घोडेस्वारसुद्धा त्या दिवशी तिकडेच होते. तेव्हा या मैदानावर पगार न घेणारा माणूस शोधून सापडला नसता. पण पगार घेऊन कोण निघून गेला आणि कोण तोफेपाशी राहिला, हे मात्र त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. हे ऐकल्यावर ‘इथं काहीच नाही’ म्हणणारा आमचा मुलगा बराच वेळ नदीकडे बघत बसला.

आता अलीकडची एक खरी घटना. वाचताना तुम्हाला झांगारोचीच आठवण होईल. ३ नोव्हेंबर १९८८. मालदीव या बेटांच्या देशावर पहाटे समुद्रातून हत्यारबंद माणसं उतरली. ती श्रीलंकेतल्या एका सशस्त्र गटाची होती. मालदीवच्याच एका व्यापाऱ्याने सरकार उलथवण्यासाठी ती आणली होती. तिथल्या राष्ट्राध्यक्षांनी मदत मागितली. त्याच रात्री आग्र्याहून आपले छत्रीधारी जवान विमानाने निघाले, दोन हजार किलोमीटरहून लांब गेले आणि काही तासांत त्यांनी राजधानी मोकळी केली. हल्लेखोर ओलिसांना घेऊन जहाजातून पळाले, तर आपल्या नौदलाच्या ‘गोदावरी’ आणि ‘बेतवा’ या युद्धनौकांनी त्यांना समुद्रात गाठलं.

पैसे दोन्हीकडे होते. मग फरक कुठे? एका बाजूला व्यापाऱ्याचा पैसा आणि त्याचा हुकूम. काम फसलं की पळायचं, जाब कुणाला द्यायचा नाही. दुसऱ्या बाजूला देशाचा पगार, देशाचा हुकूम आणि देशाचा कायदा. जवान चुकला, तर त्याला जाब विचारणारं सैन्याचं न्यायालय आहे. आणि काम झाल्यावर मालदीव मालदीवच्या लोकांकडेच राहिला. आपल्या जवानांनी तिथे कुठला डोंगर मागितला नाही.

कायदासुद्धा हेच सांगतो. १९७७ साली जिनिव्हा करारांना एक पुरवणी जोडली गेली. तीत भाडोत्री सैनिक कोणाला म्हणायचं ते लिहिलं आहे. सोप्या भाषेत सांगायचं तर, मुद्दाम एखाद्या लढाईसाठी आणलेला आणि तीत स्वतः लढणारा, मुख्यतः स्वतःच्या फायद्यासाठी आलेला, तिथल्या सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त पैसे घेणारा, लढणाऱ्या देशांपैकी कुठलाच नागरिक नसलेला आणि कुठल्याही देशाने आपल्या सैन्यात घेऊन पाठवलेला नसलेला. हे सगळं एकदम लागू व्हावं लागतं. सांग बरं बाळा, तुझ्या बाबांना यातलं काय लागू होतं?

तेव्हा मित्रांनो, माणूस पगारी की भाडोत्री हे ठरवायचं असेल, तर दोन प्रश्न विचारा. जास्त पैसे मिळाले तर हा बाजू बदलेल का? आणि हा चुकला तर याला जाब विचारणारं कोणी आहे का? शॅननलासुद्धा हेच प्रश्न विचारून बघा. त्याने पैसे देणाऱ्याला फसवलं, ते बरं केलं की वाईट? त्याला जाब कोणी विचारला? माझं उत्तर मी अजून पक्कं केलेलं नाही. तुमचं काय?

आता अंबडच्या माझ्या दोस्ता, शेवटचं तुझ्याशी. तू हात उचललास, ते मला आवडलं नाही. शब्दाला शब्दाने उत्तर द्यायचं असतं, आणि आज तुझ्याकडे शब्द आहेत. ज्याने तुला डिवचलं, त्याचा प्रश्न वाईट नव्हता. विचारायची जागा आणि रीत चुकली. हा अंक त्यालाही वाचायला दे. मग जमलं तर दोघांनी एका संघातून कबड्डी खेळा.

आणि बाबांचा फोन आला, की त्यांना विचारच. “बाबा, तुम्ही फौजेत का गेलात?” कदाचित ते म्हणतील, घरची परिस्थिती होती, नोकरी हवी होती. तसं म्हणाले तर जरासुद्धा वाईट वाटून घेऊ नकोस. नोकरीसाठीच गेले असतील. पण थंडीवाऱ्यात, तुमच्यापासून लांब, अजून ते का उभे आहेत, तेही त्यांना विचार. ते उत्तर ऐकून मला पत्र पाठव. छापणार नाही, हा शब्द.

बाकी सगळ्यांना या आठवड्याचा गृहपाठ. घरात किंवा शेजारी विचारा, की जास्त पैसे मिळत असूनही कोणतं काम तुम्ही नाकारलं, आणि का? जे ऐकाल ते दहा ओळींत लिहून पाठवा. पालकांनी उत्तर देताना खरं सांगावं, एवढीच विनंती.

आणि हो, मोत्याला माझा नमस्कार सांगा!

तुमच्या,
बाई